मोडक्या गाडीची बोली

दिग्रसला घरबसल्या मोबाइलवर मुंबई-पुण्याच्या अपघातग्रस्त गाडीवर बोली लावता येते. भाव पाहून हात शिवशिवतात.

दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते आणि तिचा सांगाडा लिलावात निघतो. सरकारी खात्यांची जुनी वाहने एमएसटीसी या १९६४ सालच्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात विकली जातात. अट ठरलेली: ‘जशी आहे, जिथे आहे’. नंतर तक्रार चालत नाही, आणि गाडी ओढून आणण्याचा खर्चही आपलाच.

फोटोत पाणी दिसत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ सापडू शकते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, तेही पाहावे.

मग कागद. आरसी रद्द झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ती फक्त सुट्या भागांच्या कामाची. आरसी चालू असेल, तर विमा कंपनीच्या लिलावातली गाडी नमुना २९ व ३० भरून नावावर करावी लागते; कर्ज असल्यास नमुना ३५ हवा.

बोली लावण्याआधी ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गाडी प्रत्यक्ष पाहून या.