भगव्या वस्त्राआधीची वर्षं

वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, यांचं चरित्र सांगायला बसलं की माणसं थेट दंड-कमंडलूपासून सुरुवात करतात. नृसिंहवाडीत तर त्यांचं नाव निघालं की पाठोपाठ अनुभवांच्या गोष्टी निघतात. मला त्यांची संन्यासाआधीची वर्षं फार मोलाची वाटतात. संन्याशाला जे लागतं ते त्यांनी प्रपंचात राहूनच अंगी बाणवलं होतं.

जन्म १८५४चा, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. घर भिक्षुकाचं, परिस्थिती बेताची. वेदाध्ययन झालं, ज्योतिष झालं, एकविसाव्या वर्षी अन्नपूर्णाबाईंशी लग्न झालं. ओढ मात्र नृसिंहवाडीची लागली. कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींनी बारा वर्षं वास्तव्य केलं, त्यांच्या मनोहर पादुका इथे आहेत. देऊळ घाटाला लागूनच. पावसाळ्यात कृष्णा चढत चढत गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वारात स्नानाला आजही झुंबड उडते. तरुण वासुदेवशास्त्री इथे आले, वाडीतले सत्पुरुष गोविंदस्वामी यांचं मार्गदर्शन त्यांना इथेच लाभलं. आपल्या मनाने काही करायचं नाही, दत्तप्रभूंची आज्ञा होईल तसं वागायचं, हे व्रत त्यांनी पुढे जन्मभर सांभाळलं.

कागलला दत्तमूर्ती मिळाली आणि १८८३ मध्ये माणगावात देऊळ उभं राहिलं. सात वर्षं सेवा झाली. लोकांची रीघ लागली, नाव झालं. आणि आज्ञा होताच जोडपं सगळं मागे टाकून बाहेर पडलं. देऊळ, मान, गाव, काहीच बरोबर घेतलं नाही.

त्या वाटेवर अन्नपूर्णाबाईही होत्या. चरित्रांत त्यांच्या वाट्याला चार ओळी येतात, याची मला हळहळ वाटते. मांडलेलं बिऱ्हाड मोडून नवऱ्यामागे निघणं हाही त्यागच. त्याला दीक्षेचं नाव मिळालं नाही, एवढंच. १८९१ मध्ये गोदाकाठी गंगाखेडला त्या वारल्या. दिवसकार्य उरकून शास्त्रीबुवांनी संन्यास घेतला आणि उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला.

पुढे तेवीस चातुर्मास. पायी, भिक्षेवर, पैशाला न शिवता, संग्रहणीचं दुखणं अंगावर काढत. ब्रह्मावर्त, द्वारका, तंजावर, कुरवपूर. मुक्काम हलला तरी लेखन चालूच: संस्कृतात दत्तपुराण, मराठीत ओवीबद्ध दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्र. या तेवीस ठिकाणांत वाडी नाही. जिथे जीव सर्वांत जास्त गुंतला होता तिथे चार महिने राहणं त्यांच्या वाट्याला आलं नाही, आणि त्यांनी ते मागूनही घेतलं नाही, असं मला वाटतं. येऊन मात्र गेले. १९०५ साली वाडीतच त्यांनी करुणात्रिपदी रचली. गुरूने रागावू नये म्हणून केलेली ती विनवणी आज पालखीच्या वेळी सगळी वाडी एका सुरात म्हणते.

जून १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला त्यांनी देह ठेवला. त्यांच्या शिष्यांत संन्यासी होते तसे संसारीही होते. इंदूरचे नानामहाराज तराणेकर जन्मभर गृहस्थाश्रमात राहिले, आणि त्रिपदी घरोघर पोचवणारा त्रिपदी परिवार उभा राहिला तो त्यांच्यामुळेच.