जुन्या पालिओ 1.6 चा इनटेक बदलण्याआधी

हुबळी-धारवाडमध्ये कुणाकडे फियाट पालिओ 1.6 जीटीएक्स असेल, तर ही पोस्ट खास त्यांच्यासाठी. 2001 साली आलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 100 बीएचपीची ही गाडी. सचिनच्या नावाची एस-10 आवृत्ती तर अनेकांना आठवत असेल!

6,000 आरपीएमला हे इंजिन मिनिटाला चार हजार लिटरहून जास्त हवा ओढतं. आपण समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंचावर, म्हणजे हवा आधीच सुमारे 6 टक्के विरळ. त्यात इंजिनजवळची तापलेली हवा आत गेली, तर ताकद आणखी घटते. दर 3 अंशांना घनता साधारण 1 टक्का कमी होते. म्हणून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावणं मला पटत नाही. आवाज दणदणीत येतो, पण ओढ कमी होते. कोन लावायचाच असेल, तर त्याला बंद पेटी आणि बाहेरून थंड हवेची नळी हवीच. नळीचं तोंड फार खाली नको. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी आत गेलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

माझं मत विचाराल तर मूळ एअरबॉक्स ठेवा. वीस वर्षांत चिरलेला रबरी होज बदला, थ्रॉटल बॉडी साफ करा, चांगला पॅनेल फिल्टर टाका. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत तो कंपनीच्या मुदतीआधीच तपासा. तुमच्या गाडीत काय बसवलंय, फोटोसकट कळवा.