सांगाड्याची घडण आणि जनुकांची मात्रा

सस्तन प्राण्यांच्या गर्भात हातापायांची, कण्याची आणि फासळ्यांची आकृती आधी कूर्चेत, म्हणजे नाकाच्या शेंड्याला लवचीकपणा देणाऱ्या ऊतीत, घडते आणि नंतर तिच्या जागी अस्थिजनक पेशी, म्हणजे हाड रचणाऱ्या पेशी, कठीण हाड उभे करतात. कवटीच्या छताची हाडे मात्र कूर्चेचा टप्पा न घेता पातळ पडद्यातच तयार होतात. या घडणीचे आदेश जनुकांत असतात आणि जनुकाच्या अक्षरक्रमात होणाऱ्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. उत्परिवर्तनाने जनुक निकामी होते अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी ते कधी कमी पडते, तर कधी गरजेपेक्षा अधिक काम करू लागते.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे साध्या पेशीला अस्थिजनक पेशी बनवणारे 'रनएक्स-२' हे जनुक. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्या उंदरांमध्ये या जनुकाच्या आईबापांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी केल्या होत्या, त्यांचा सांगाडा कूर्चेचाच राहिला आणि श्वास घेता न आल्याने ती पिल्ले जन्मताच दगावली. एकच प्रत निकामी असलेले उंदीर जगले, परंतु त्यांची गळ्याजवळची आडवी हाडे अपुरी राहिली आणि कवटीचे सांधे उघडे राहिले. माणसातही या जनुकाची एक प्रत सदोष असली, तर बाळाची टाळू फार उशिरा भरते आणि खांदे छातीपुढे जवळ आणता येतात. यावरून, काही हाडांना जनुकाची निम्मी मात्रा पुरते आणि काहींना पुरत नाही, हे दिसते.

'एफजीएफआर-३' या जनुकाचे उलट आहे. त्याचे प्रथिन कूर्चेच्या वाढीला लगाम घालते. म्हणूनच हे जनुक नसलेल्या उंदरांची लांब हाडे प्रमाणाबाहेर वाढतात. या प्रथिनातील ३८० व्या स्थानी ग्लायसीनऐवजी आर्जिनिन हे अमायनो आम्ल आले, की लगाम सतत आवळलेला राहतो, हातपाय आखूड राहतात आणि अकाँड्रोप्लेसिया ही बुटकेपणाची स्थिती उद्भवते. तिचे हे कारण १९९४ मध्ये उलगडले आणि २०२१ मध्ये मान्यता मिळालेले व्होसोरिटाइड हे औषध जनुक न बदलता पेशीतील या प्रथिनाचा अतिरिक्त संदेश सौम्य करते.

अकाँड्रोप्लेसिया असलेल्या दर पाच बाळांपैकी सुमारे चार बाळांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. अशा बाळांत हे उत्परिवर्तन नव्याने, बहुधा पित्याच्या शुक्रपेशी तयार होताना घडते आणि पित्याच्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून मूल असे जन्मले, असा ठपका आपल्याकडे आईवर ठेवला जातो तेव्हा, तो बदल गर्भ राहण्यापूर्वीच आणि कोणाच्याही चुकीविना झालेला असतो, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगणे उपचाराइतकेच आवश्यक आहे.