ओट्यापुढे तासन्‌तास उभे राहणाऱ्यांची टाचदुखी आणि स्वयंपाकघरातली चप्पल

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. दहा-पंधरा पावले चालल्यावर ती कमी होते, कामाच्या नादात विसरली जाते आणि संध्याकाळी भाकरी थापताना पुन्हा डोके वर काढते. सातारा-सांगली भागात ही तक्रार गृहिणींची तर असतेच. शिवाय खानावळ चालवणाऱ्या, डबे पुरवणाऱ्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायका आणि हॉटेलांतले आचारीही ती घेऊन येतात. ही मंडळी बाजारात जाताना न चुकता चप्पल घालतात. पण दिवसाचे पाच-सहा तास, काहींचे दहा-बारा तास, जिथे उभे राहण्यात जातात तिथे ती अनवाणी असतात.

टाचेत नेमके काय होते?

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक चिवट पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान धरून ठेवतो. उभे राहिले की शरीराचे वजन कमानीवर येते आणि पट्टा ताणला जातो. हा ताण रोज तासन्‌तास राहिला तर पट्टा जिथे टाचेच्या हाडाला चिकटलेला असतो तिथे बारीक बारीक इजा होत राहतात. रात्री झोपेत पंजा खाली झुकलेला असतो, त्यामुळे पट्टा आखडतो. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम खेचला जातो, म्हणून ती कळ. या आजाराला प्लांटर फॅसायटिस म्हणतात.

टाचेखाली चरबीची एक नैसर्गिक गादीही असते. चाळिशीनंतर ती हळूहळू पातळ होऊ लागते. त्यात वजन वाढलेले असेल आणि पायाखाली शहाबादी, कडप्पा किंवा टाइल्स असतील तर धक्का सोसायला मध्ये फारसे काही उरत नाही. आपल्या आज्या सारवलेल्या जमिनीवर चुलीपुढे बसून स्वयंपाक करत. गॅस आणि ओटा आल्याने धूर गेला, उकिडवे बसणे गेले, हे चांगलेच झाले. मात्र तो सगळा वेळ आता पायांवर निघतो.

अनेक जण एक्स-रे घेऊनच येतात आणि घाबरून सांगतात, “डॉक्टर, टाचेचे हाड वाढलंय.” हाडाचे असे टोक काहीही न दुखणाऱ्या अनेक माणसांतही दिसते. दुखते ते बहुतेक वेळा पट्ट्यामुळे, टोकामुळे नव्हे. म्हणून ते हाड काढून टाकण्याची घाई नको. साध्या उपायांनी हा त्रास बहुतेकांचा बरा होतो, फक्त त्याला महिने लागतात, कधी कधी वर्षही. हे आधी माहीत असले की दोन आठवड्यांत उपाय सोडून दिले जात नाहीत.

“स्वयंपाकघरात चप्पल? आमच्याकडे चालत नाही”

हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. देवघर स्वयंपाकघरातच असते, सासूबाईंना आवडत नाही, अन्न शिजते तिथे चप्पल कशी घालायची? ही भावना मला चुकीची वाटत नाही. बाहेरची चप्पल स्वयंपाकघरात येऊ नये हे स्वच्छतेच्या दृष्टीनेही बरोबरच आहे. पण मी सुचवतो ती चप्पल वेगळी. नवी, फक्त स्वयंपाकघरापुरती, उंबऱ्याबाहेर कधीच न जाणारी, आठवड्यातून एकदा साबणाने धुतलेली. ती चामड्याची नसावी, म्हणजे तोही आक्षेप राहत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे स्वतः सांगणे जड जात असेल तर त्यांना सोबत दवाखान्यात घेऊन या. डॉक्टरने सांगितलेली गोष्ट घरात लवकर पटते. बऱ्याचदा त्यांच्याही टाचा दुखत असतात.

सोवळ्यातला स्वयंपाक किंवा नैवेद्य अनवाणीच करायचा असेल तर तेवढा वेळ करा. घटकाभराने बिघडत नाही, रोजच्या पाच तासांनी बिघडते.

चप्पल अजिबातच नको असेल तर ओट्यापुढे जाड रबरी चटई अंथरा. ती पाऊण इंचाच्या आसपास जाड असावी, कडा उतरत्या असाव्यात आणि खालची बाजू न सरकणारी असावी. घडी घातलेली गोधडी किंवा पोते अंथरू नका. ते सरकते, पाय अडकतो आणि हातात उकळते पातेले असते. नुसते मोजे घालून टाइल्सवर वावरणेही तितकेच धोक्याचे.

चप्पल कशी निवडावी?

आपल्याकडची कोल्हापुरी चप्पल २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली, आणि त्या मानांकनात सातारा व सांगली हे जिल्हेही येतात. ती ऐटीत बाहेर घालावी. ओट्यापुढे मात्र तिचा उपयोग नाही: तळ सपाट आणि कडक, मागे पट्टा नाही, पाणी लागले की चामडे खराब होते. झिजलेली हवाई चप्पल तर अनवाणी राहण्यापेक्षा थोडीच बरी. ती पायातून निसटू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागतात आणि तळपाय आणखी थकतो.

दुकानात तळ अंगठ्याने दाबून पाहा. तो थोडा दबून परत वर आला पाहिजे. स्पंजसारखा खोल दबला तर नको. असा तळ दुकानात छान वाटतो, पण दोन तास उभे राहिले की पाय त्यात बुडतो आणि कमानीला आधार राहत नाही. मग चप्पल हातात धरून वाकवा. बोटांच्या मुळाशी वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर परत ठेवा. टाच पुढच्या भागापेक्षा अर्धा-पाऊण इंच उंच असेल तर पट्ट्यावरचा ताण कमी होतो, त्यामुळे अगदी सपाट नको. मागे पट्टा हवा, बोटांना पसरायला जागा हवी (जोडवी घालणाऱ्यांनी ती घालूनच माप बघावे) आणि तळाला खोल रेषा हव्यात, कारण तेलाच्या थेंबावर गुळगुळीत तळ घसरतो. तळणीचे काम असेल तर पुढून बंद असलेले रबरी क्लॉग सर्वांत चांगले. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरे कळते. तळ एका बाजूला झिजला किंवा दबून कायमचा चपटा झाला की चप्पल बदला, वरून कितीही नवी दिसली तरी.

मधुमेह असेल तर

इथे प्रश्न आरामाचा राहत नाही. बरीच वर्षे मधुमेह असला की पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. उकळत्या तेलाचा थेंब, खाली पडलेली सुई, विळीचे पाते, काहीच जाणवत नाही. जखम दिसते तेव्हा तिच्यात पू झालेला असतो आणि अशा जखमेपायी बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येते. म्हणून मधुमेहींनी घरातही अनवाणी राहू नये, यात मी सवलत देत नाही. पुढून बंद असलेलेच पादत्राण घ्या. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टी येणारी चप्पल नको, तिथे नकळत जखम होते. आत मऊ एमसीआर रबराचा थर असलेली पादत्राणे मिळतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर जे काम केले, त्यातून अशी पादत्राणे आपल्याकडे रुळली. घालण्याआधी आत हात फिरवून पाहा आणि रात्री तळपाय आरशात बघा.

चप्पल एकटी पुरत नाही

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिल्यावर ते काम थंडावते. मग पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, शिरा फुगतात. भाजी निवडणे, लसूण सोलणे, कणीक मळणे ही कामे बसून करा. जेवायला बसतो तो लाकडी पाट ओट्याखाली ठेवा आणि दर दहा मिनिटांनी एकेक पाय आलटून पालटून त्यावर ठेवा. कंबरेलाही आराम मिळतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत टाचा वीस वेळा वर-खाली करा.

सकाळी पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने बोटे नडगीकडे ओढा, दहा आकडे मोजा. असे दहा वेळा. हा एक व्यायाम नेमाने केला तरी पहिल्या पावलाची कळ कमी होऊ लागते. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवून पोटरी ताणा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. संध्याकाळी गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तळपायाखाली फिरवा. पाय बधिर असणाऱ्यांनी मात्र बर्फ वापरू नये.

मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांना त्या महागात पडतात. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन कधी कधी द्यावे लागते, पण वारंवार घेतल्यास चरबीची गादी आणखी पातळ होते.

एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणे आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. मधुमेहींनी पायाची कोणतीही जखम, फोड किंवा रंगातला बदल दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. रात्री पडल्या पडल्या टाच ठणकत असेल, तळपायाला मुंग्या येत असतील, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल तर कारण वेगळे असू शकते आणि तपासणी लागते. येताना स्वयंपाकघरातली रोजची चप्पल पिशवीत घेऊन या. तिचा झिजलेला तळ पाहून बरेच काही कळते.