इकत ओळखताना

इकत : मलाय-इंडोनेशियन भाषेत ‘बांधणे’. विणण्याआधीच धागे गच्च बांधून रंगवतात. बांधलेला भाग कोरा राहतो.

हिंगी : इंडोनेशियाच्या सुंबा बेटावरचे पुरुषांचे वस्त्र. जोडीने वापरतात : एक कमरेला, दुसरे खांद्यावर. नक्षीत घोडे, कोंबडे, हरणे. निळा रंग निळीचा. तांबडा बारतोंडीच्या मुळांच्या सालीचा. हे झाड आपल्याकडेही आहे.

एकेरी-दुहेरी : हिंगीत फक्त ताणा बांधून रंगवतात. ताणा-बाणा दोन्ही रंगवून नक्षी जुळवणे सर्वांत अवघड. बालीतील तेंगानान गावचे गेरिंगसिंग आणि पाटणचा पटोला असे विणतात.

दुकानात : कापड उलटून पाहा. खऱ्या इकतची नक्षी दोन्ही बाजूंनी उमटलेली, कडा किंचित पसरलेल्या. छापील नकलेची मागची बाजू बहुधा फिकी असते.