उन्हावर चालणारी फेरीबोट

पाण्यावरून ओझे नेणे जमिनीवरून नेण्यापेक्षा स्वस्त पडते, हे मनुष्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एका अश्वशक्तीने रस्त्यावरून सुमारे १५० किलो, रुळांवरून ५०० किलो आणि पाण्यावरून ४,००० किलो भार हलविता येतो, असा हिशेब जलवाहतुकीच्या संदर्भात नेहमी दिला जातो. मांडवी-जुवारीच्या पात्रांतून खनिज वाहणाऱ्या बार्ज नौकांनी गोव्यात अनेक दशके याच गुणाचा लाभ घेतला. परंतु पाण्याचा हा उदारपणा बिनशर्त नाही. सावकाश चालणाऱ्यालाच तो लाभतो. घाई करणाऱ्याकडून पाणी पुरेपूर किंमत वसूल करते. वाहतुकीतून निघणारा धूर कमी कसा करावा, या प्रश्नाचा विचार नौकांच्या बाबतीत येथूनच सुरू करावा लागतो.

केरळातील वेंबनाड सरोवराच्या पूर्व तीरावर वैकम हे गाव आहे. देवळाभोवतीचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत म्हणून १९२४-२५ साली तेथे झालेल्या सत्याग्रहामुळे हे नाव मराठी वाचकांनाही अपरिचित नाही. वैकमहून पैलतीरावरील तवणक्कडवूला जाणारा जलमार्ग सुमारे अडीच किलोमीटरांचा आहे. या मार्गावर केरळ राज्य जलवाहतूक खात्याने जानेवारी २०१७ मध्ये ‘आदित्य’ नावाची फेरीबोट सुरू केली. सूर्यशक्तीवर चालणारी ही भारतातील पहिली प्रवासी फेरीबोट होय. कोचीच्या नवाल्ट कंपनीने बांधलेली ही नौका २० मीटर लांब व ७ मीटर रुंद असून तीत ७५ प्रवासी बसतात. छपरावर २० किलोवॉट क्षमतेचे सौर पत्रे, पोटात ५० युनिट वीज साठविणाऱ्या बॅटऱ्या आणि पंखे फिरविण्यासाठी २० किलोवॉटच्या दोन मोटारी, एवढाच तिचा सरंजाम.

आता या सरंजामाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. आपल्याकडील चांगल्या उन्हात एक किलोवॉटच्या पत्र्यापासून दिवसाकाठी सुमारे ४ युनिट वीज मिळते. म्हणजे संपूर्ण छपराची दिवसभराची कमाई ८० युनिटांच्या आसपास; आणि आभाळ भरून आले की तीही घटते. एवढेच काम डिझेल इंजिनाकडून करवून घ्यावयाचे तर पंचवीसेक लिटर तेल पुरते. अर्थात दिवसभर येरझारा घालणाऱ्या फेरीबोटीची मुख्य शिदोरी एवढीच! अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण नौकाशिल्पज्ञांना येथे अक्षरशः पाळावी लागली. कोठून अधिक शक्ती आणावी, असे त्यांनी विचारले नाही. या नौकेला मुळात किती कमी शक्ती पुरेल, असे विचारले. कार्यक्षम नौकेची सगळी गुरुकिल्ली या दुसऱ्या प्रश्नात आहे.

चालत्या नौकेला पाणी दोन प्रकारांनी अडविते. एक, तिच्या अंगाशी घासून. आणि दुसरे, लाटांच्या रूपाने. नौका पुढे सरकताना जी लाट उठते ती उठविण्याचे श्रम अखेर इंजिनालाच पडतात. या दोन विरोधांचा निरनिराळा हिशेब मांडण्याची रीत विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात घालून दिली. त्यासाठी त्याने एका लांब हौदातून नौकांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या. रुंद, बोथट तोंडाची नौका पाणी ढकलीत जाते व मोठी लाट उठविते. लांब व निमुळती नौका तेच पाणी अलगद दुभंगते. परंतु निमुळती नौका सहज कलंडते, ही तिची अडचण. ‘आदित्य’च्या रचनेत दोन निमुळती अंगे समांतर ठेवून वर एकच तक्तपोशी बांधलेली आहे. त्यामुळे पाणी कापणे सोपे झाले, तोल सांभाळला गेला आणि सौर पत्रे पसरावयास रुंद छप्परही मिळाले. या रचनेला ‘कॅटामरान’ म्हणतात. तो शब्द तामिळमधील ‘कट्टुमरम्’, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके, यावरून जगभर गेला आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, तेव्हा प्रत्येक जादा किलो म्हणजे प्रत्येक फेरीला ढकलावयाचे तेवढे जादा पाणी. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, ॲल्युमिनियम पावणेतीनपट, तर काचतंतूंचा थर दुपटीहूनही कमी. ‘आदित्य’चे अंग काचतंतूंचे आहे ते याच कारणासाठी. बॅटरी तर फारच वजनदार वस्तू. एक लिटर डिझेल एक किलोहूनही हलके असते. परंतु त्यापासून इंजिन जेवढे काम काढते, तेवढ्यासाठी सुमारे पंचवीस-तीस किलोंची बॅटरी वाहावी लागते. म्हणून जुन्या जड पोलादी नौकेतील इंजिन काढून तेथे बॅटऱ्या बसविणे म्हणजे आधी कळस मग पाया असा प्रकार होतो. जड नौकेला मोठी बॅटरी लागते, मोठ्या बॅटरीने नौका आणखी जड होते, आणि हे चक्र कोठे थांबत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगाची. नौकेला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर आठपट शक्ती हवी. वैकमच्या अडीच किलोमीटरांचेच उदाहरण घ्यावे. ताशी १० किलोमीटर वेगाने पैलतीर गाठण्यास १५ मिनिटे लागतात. हीच फेरी १२ मिनिटांत उरकावयाची तर वेग सव्वापट करावा लागेल, शक्ती जवळजवळ दुप्पट लागेल, आणि त्या एका फेरीचा ऊर्जेचा खर्च दीडपटीहून अधिक होईल. वाचली किती, तर तीन मिनिटे! तेवढी मिनिटे धक्क्यावर नौका चटकन बांधून, तिकीट आधीच देऊन आणि चढउताराच्या वाटा वेगळ्या ठेवून फुकटात वाचविता येतात. प्रवाशाला हवा असतो तो वेळ; आणि तो पाण्यापेक्षा काठावर स्वस्त मिळतो.

विजेची नौका म्हणजे आपोआप निर्मळ नौका, असा समज सध्या रूढ होत आहे. तो तपासून घेणे आवश्यक आहे. एक लिटर डिझेल जळले की अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातून तीन-साडेतीन युनिट काम मिळते, म्हणजे युनिटामागे सुमारे पाऊण किलो वायू. भारतातील वीज अद्याप बव्हंशी कोळशापासून होते आणि तारांतून येणाऱ्या एका युनिटामागेही सुमारे ७०० ग्रॅम वायू बाहेर पडतो. शिवाय बॅटरी भरताना व मोटार फिरविताना थोडी वीज वाया जाते. तेव्हा केवळ तारांतल्या विजेवर चालणाऱ्या नौकेचा धूर आज फारसा घटलेला नसतो. तो नदीवरून उठून कोळशाच्या चिमणीवर गेलेला असतो. नदीवरचे तेलाचे तवंग, गोंगाट आणि प्रवाशांच्या नाकातोंडात जाणारा धूर थांबतो, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु वातावरणावरील भार खरोखर हलका होतो तो नौकेची भूक कमी झाली आणि ती सूर्याने भागविली तेव्हाच.

हा फरक नवाल्टच्याच दुसऱ्या एका नौकेवरून स्पष्ट होतो. मुंबईच्या माझगाव डॉकसाठी बांधलेली ‘बॅराकुडा’ ही कामकरी नौका २०२३ साली केरळात पाण्यात उतरली. माणसे व सामान नेण्यासाठी, समुद्राच्या लाटांत चालण्यासाठी ती आहे. तिचा वेग १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. त्यासाठी ५० किलोवॉटच्या दोन मोटारी बसवाव्या लागल्या, तर १४ मीटरांच्या त्या नौकेवर सौर पत्रे मावले फक्त ६ किलोवॉटचे. दोन्ही मोटारी पूर्ण जोराने चालविल्या तर उन्हाची दिवसभराची कमाई पाव तासात संपेल. ही नौकेची उणीव नव्हे. वेग हा तिच्या कामाचा भाग आहे आणि त्याची किंमत किनाऱ्यावरून भरलेल्या बॅटऱ्यांनी चुकविली जाते. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोचीच्या जल-मेट्रोतील १०० प्रवाशांच्या नौकाही मुख्यतः अशाच धक्क्यावर वीज भरून घेतात. जसे काम तशी नौका, हाच येथला न्याय.

२०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी व कुंभारजुवेचा कालवा हे राष्ट्रीय जलमार्ग ठरले, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने अंतर्गत जलमार्गांसाठी ‘हरित नौका’ नावाची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. म्हणजे वैकमचा हा विचार गोव्याच्या धक्क्यांवरही येऊन ठेपला आहे. तेथील फेरीबोटींना मोटारी चढवून घ्यावयाच्या असल्याने सपाट तळ व रुंद तोंड सोडता येत नाही. निमुळत्या अंगाचा लाभ त्यांना मिळणे कठीण. परंतु वजन घटविणे, वेग आवरणे, धक्क्यावरचा वेळ वाचविणे आणि धक्क्याच्या छपरावर सौर पत्रे घालणे, या चार वाटा त्यांनाही मोकळ्या आहेत. नव्या नौकेची मागणी नोंदविताना पहिला प्रश्न बहुधा इंजिन किती अश्वशक्तीचे, हा असतो. त्याऐवजी एक प्रवासी पैलतीरी पोहोचविण्यास किती युनिट लागतील, असे विचारले गेले, तर धूर कमी करण्याचे निम्मे काम नौका पाण्यात उतरण्यापूर्वी कागदावरच झालेले असेल.