आठवड्याला एक, अशी पन्नास वर्षं

खिशातलं घड्याळ काढून बघणारा ससा, हसू मागे ठेवून गायब होणारं मांजर, चहाच्या टेबलावरचा तो विक्षिप्त टोपीवाला. ‘अ‍ॅलिस’च्या दोन्ही पुस्तकांतली चित्रं सर जॉन टेनिएलची. पहिल्यात ४२, दुसऱ्यात ५०, एकूण ९२. याच माणसानं लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकासाठी काढलेली राजकीय व्यंगचित्रं किती असतील? सुमारे २,३००. ज्यांच्यामुळे आज त्याचं नाव घेतलं जातं ती ९२ चित्रं या आकड्याच्या जेमतेम चार टक्के भरतात.

१८५० मध्ये तो ‘पंच’मध्ये आला आणि १९०१ मध्ये निवृत्त झाला. पन्नास वर्षांचे आठवडे होतात २,६००. म्हणजे सुट्ट्या, आजारपणं आणि सुरुवातीची उमेदवारी वगळली, तर जवळजवळ दर आठवड्याला साम्राज्याच्या राजकारणावर एक पानभर चित्र. त्यातही तरुणपणी वडिलांबरोबर तलवारबाजी करताना त्याचा एक डोळा गेला होता. उरलेल्या एका डोळ्यानं हा सगळा पसारा काढलेला आहे.

चित्र तयार कसं व्हायचं ते पाहिलं की आकडा आणखी जड वाटू लागतो. बुधवारी रात्री ‘पंच’ची मंडळी एकत्र जेवत आणि जेवणानंतर वाद घालत पुढच्या अंकातल्या मोठ्या चित्राचा विषय ठरवत. गुरुवार विचारात आणि कच्च्या आराखड्यात जाई. शुक्रवारी सकाळी टेनिएल कामाला बसे तो दिवसभर उठत नसे. संध्याकाळी साडेसहा-सातला कोरक्याकडचा पोऱ्या दाराशी उभाच असे. चित्र काढायचं ते बॉक्सवूड नावाच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर, तेही आरशात दिसावं तसं उलटं. पुढचं काम जोसेफ स्वेनच्या कारखान्यातल्या कारागिरांचं. कागदावर जे पांढरं दिसायला हवं ते सगळं कोरून काढायचं आणि रेघ तेवढी उभी ठेवायची. ढगाची सावली असो की सिंहाची आयाळ, टेनिएलची एकेक बारीक रेघ दोन्ही बाजूंनी लाकूड खरवडून वाचवावी लागे. मुदत एक रात्र आणि एक दिवस.

बॉक्सवूडच्या झाडाचं खोड बारीक असतं, त्यातून पानभर रुंदीची अखंड फळी निघत नाही. म्हणून लहान तुकडे बोल्टांनी जोडून मोठा ठोकळा करत. या अडचणीचा फायदाही होता. तुकडे सुटे करून एकेकाच्या हाती दिले की एकाच चित्रावर बरीच माणसं रात्रभर राबू शकत. म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या ब्रिटानियाचं डोकं एकानं कोरलं आणि पाय दुसऱ्यानं, असंही होत असणार. सोमवारी रात्री छापील अंक टपालानं घरी आला की टेनिएलला पाकीट उघडायचा धीर होत नसे. ते काम त्याची बहीण करी, आणि तो चित्रावर ओझरती नजर टाकून हळहळे. आपल्या चित्राचं लाकडावर काय झालं असेल, ही धास्ती त्याला दर आठवड्याला नव्यानं वाटे. मला त्या २,३०० चित्रांपेक्षा तितक्या वेळच्या या धास्तीचंच जास्त नवल वाटतं.

‘पंच’ १७ जुलै १८४१ रोजी सुरू झाला, अवघ्या २५ पौंडांच्या भांडवलावर. अंकाची किंमत तीन पेन्स. पौंडाचे २४० पेन्स धरले तर ते भांडवल म्हणजे दोन हजार अंकांची किंमत. १९१० च्या सुमारास खप आठवड्याला एक लाखावर गेला होता, म्हणजे वर्षाला पन्नास लाखांहून जास्त प्रती. वर्षातून दोन बांधीव खंड निघत. एडवर्ड राजा वारला त्या १९१० सालाअखेर १३९ खंड झाले होते. आणि रिचर्ड डॉइलनं १८४९ मध्ये काढलेलं मुखपृष्ठ १९५६ पर्यंत चाललं: एकच चित्र, साडेपाच हजारांच्या घरात अंक! आजचा कुठला संपादक एवढा धीर धरेल?

लंडनच्याच ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकाचा बाज वेगळा होता. तिथे राजकारणापेक्षा माणसं महत्त्वाची. दर आठवड्याला एका बड्या असामीचं रंगीत अर्कचित्र, दगडावरून छापलेलं. पहिला मान जानेवारी १८६९ मध्ये राजकारणी डिझरायलीला मिळाला. १९१४ पर्यंत अशी २,३०० हून जास्त चित्रं झाली, त्यातली १,३२५ एकट्या लेस्ली वॉर्डची. ‘स्पाय’ म्हणजे हेर या टोपणनावानं तो सह्या करी. १८७३ ते १९११ या काळाला भागलं तर दर दहा-अकरा दिवसांना एक मान्यवर त्यानं कागदावर पकडला. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यात आपले क्रिकेटपटू रणजीही आले. वॉर्ड पुढे पुढे मवाळ झाला, टोचेनासा झाला. एवढ्या संख्येपुढे तसं व्हायचंच.

‘पंच’ची लागण मुंबईला फार लवकर झाली. ‘पारसी पंच’ १८५४ चा, म्हणजे लंडनच्या अंकानंतर फक्त तेरा वर्षांनी. पुढे त्याचाच ‘हिंदी पंच’ झाला. चित्रांखालचा मजकूर इंग्रजी आणि गुजराती, पण त्यातल्या पंच या पात्राचं नाव मात्र थेट आपल्या वळणाचं: पंचोबा.

व्हिक्टोरिया आणि एडवर्ड यांच्या काळात ‘पंच’चे साधारण ३,६०० अंक निघाले. त्यातली पाच-दहा चित्रं तेवढी इतिहासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटतात. १८९० मधलं, जर्मन चान्सलर बिस्मार्क जहाजाच्या पायऱ्या उतरतानाचं, हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं. २२ ऑगस्ट १८५७ चं, बंगालच्या वाघावर झेपावणारा ब्रिटिश सिंह, हेही नेहमीचंच. मेरठच्या उठावाला तेव्हा १०४ दिवस झाले होते, आणि हिंदुस्थानातली बातमी लंडनला पोचायला आठवडे लागत. एवढ्याशा चित्रांवरून ‘त्या काळच्या इंग्रजांना असं वाटत होतं’ असं सांगणं म्हणजे निव्वळ आळस आहे. जुने खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. तो सिंह पुन्हा कुठे दिसला तर त्या आठवड्याचा अख्खा अंक उघडा आणि मागच्या-पुढच्या पानांवर लंडन कशाकशाला हसत होतं तेही बघा.